चाक आपल्या खात्यात नाही

माझे बाबा रस्त्याने चालताना कधी समोर बघत नसत. खाली बघत. ओळखीचा माणूस समोरून आला, हसला, हात वर केला, तरी यांना पत्ता नाही. मग तो माणूस आईकडे येऊन तक्रार करी, की मुकादम आताशा फार मोठे झाले, बघतसुद्धा नाहीत. आई म्हणे, "अहो, मला पसंत करायला आले तेव्हासुद्धा ते माझ्या चपलांकडेच बघत होते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." चौतीस वर्षं रुळांवरून चाललेला माणूस तो. मान खाली घालून चालणं हीच त्याची नोकरी होती. पुढे रेल्वे खात्याने ती मान खरोखरच खाली घालायला लावली, ते सांगायला मी बसले आहे. काहीतरी गोड वाचायला मिळेल म्हणून कुणी बसलं असेल, तर त्याने आत्ताच उठावं.

बाबांच्या हाताखाली बारा माणसांची टोळी होती आणि ताब्यात सहा किलोमीटर रूळ. लोकांना वाटतं, दोन लोखंडी पट्ट्या टाकल्या की गाडी धावली. बाबांसमोर असं कुणी बोललं की त्याची अर्धा तास सुटका नसे. रूळ जागच्या जागी पडून असतो हा गैरसमज आहे, तो रोज हलतो. उन्हाने लांबतो, थंडीने आखडतो, म्हणून दोन तुकड्यांच्या मध्ये फट सोडावी लागते. गाडी वरून गेली की रुळाखाली आडवे टाकलेले स्लीपर खडीत दबतात, इथे जास्त, तिथे कमी. मग रूळ जॅकने उचलायचा आणि खाली खडी ठोकून भरायची. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा थोडा उंच ठेवायचा, म्हणजे गाडी आतल्या अंगाला कलते आणि बाहेर फेकली जात नाही. वळण फारच आवळलेलं असेल तर दोन रुळांमधलं अंतर केसभर वाढवायचं, म्हणजे चाकं अडकून बसत नाहीत. हे सगळं मोजायला पट्ट्या असतात. बाबांना त्या लागत नसत. ते सकाळी रुळावर गाल टेकून आडवे होत, एक डोळा मिटत आणि लांबवर बघून सांगत, "तिसऱ्या सांध्याला बसलाय. दोन मिलिमीटर." माणसं पट्टी लावत आणि दोनच मिलिमीटर निघत. त्या डोळ्यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

घरातही हेच. पलंगाच्या एका पायाखाली पुठ्ठा, भांड्यांच्या फळीखाली पाचर, कपाटाखाली पत्र्याचा तुकडा. आई म्हणे, "आमच्या घरात एकच वस्तू वाकडी आहे, आणि ती स्वतःला पाचर मारू देत नाही." हे ती स्वतःबद्दल म्हणायची की त्यांच्याबद्दल, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काका बाबांहून आठ वर्षांनी लहान. आजोबा गेले तेव्हा काका चौथीत होता आणि बाबा सतरा वर्षांचे. बाबांनी मिळेल तिथे मजुरी करून त्याला वाढवलं, शिकवलं, आणि खात्यात भरती निघाली तेव्हा त्याचा अर्जही स्वतःच भरला, कारण काकाचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय पुसलेले. काका लागला तो डब्यांच्या शेडमध्ये. चाकं तपासायला. उभ्या गाडीच्या कडेने हातोडी घेऊन चालायचं, प्रत्येक चाकावर टोला द्यायचा आणि आवाज ऐकायचा. खणखणीत वाजलं तर चाक शाबूत, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा. तेव्हा मी त्याला अरे-तुरे करायचे. तो आला की पहिली त्याच्या पिशवीत हात घालायचे.

आगगाडीला स्टिअरिंग नसतं, तरी ती वळते कशी, हे मला काकाने जेवणाच्या टेबलावर शिकवलं. वर रुंद आणि खाली निमुळता असा पेला त्याने आडवा करून लोटला. पेला सरळ गेलाच नाही, गोल फिरून माझ्याकडे आला.

"बघ. रुंद बाजू जास्त चालते, अरुंद बाजू कमी, म्हणून वळतो. गाडीचं चाकही असंच उतरतं घडवतात. आतल्या अंगाला जाड, बाहेर बारीक. वळणावर गाडी जरा बाहेर सरकते. मग बाहेरचं चाक जाड भागावर चालतं आणि आतलं बारीक भागावर. झालं, वळली."

"मग चाकाला ती आतून कड कशाला असते?"

"ती रखवालदार. एरवी तिने नुसतं उभं राहायचं. चाक घसरायला लागलं तरच धरायचं. आणि ती रोज रुळाला घासायला लागली, तर समजायचं काहीतरी बिघडलंय."

"रूळ बिघडलाय असं नाही हं समजायचं," बाबा पानातून मान वर न करता म्हणत.

"रूळच बिघडलेला असतो, दादा."

"चाक."

"रूळ."

यावर आई दोघांच्या मध्ये भात वाढी आणि भांडण मिटे. खात्याची रीतच तशी होती. रूळ आमचा, चाक त्यांचं. रुळावरच्या माणसाने चाकाकडे बघायचं नाही आणि चाकवाल्याने रुळाकडे. गाडी घसरली की दोन्हीकडचे लोक जमून मोजमाप करत, एकाच कागदावर सह्या करत, आणि त्यावरून खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं ते ठरे. बाबांच्या तोंडात एक वाक्य कायमचं बसलेलं होतं. घरातला नळ गळो की माझी सायकल मोडो, काम अंगावर यायला लागलं की म्हणत, "चाक आपल्या खात्यात नाही."

मी आठ वर्षांची झाले तेव्हा या दोन खात्यांनी मिळून मला एक आगगाडी करून दिली. रूळ बाबांनी वाकवले, लोखंडी पट्ट्यांचे, खाली लाकडी चिपांचे स्लीपर, वळणावर बाहेरची पट्टी नखभर उंच. चाकं काकाने शेडमधल्या लेथवर कातली, अंगठ्याच्या नखाएवढी, पण उतरती. गजराच्या मोडक्या घड्याळाची स्प्रिंग इंजिनात. एकदा चावी दिली की पलंगाखाली नऊ फेऱ्या मारायची. एकदाही घसरली नाही. आम्ही तिघं जमिनीवर पालथे पडून बघत असू, आणि आई आम्हाला ओलांडून जाताना म्हणे, "खात्याला कळलं तर हिलाही वेळापत्रक लावतील."

मी सतरा वर्षांची असताना वीटभट्टीजवळच्या वळणावर मालगाडीचे तीन डबे घसरले. माणूस कुणी गेलं नाही. सिमेंटची पोती फुटली आणि पाव किलोमीटर रूळ उखडला, एवढंच. तो तुकडा बाबांचा. ते धावत पोहोचले तेव्हा तिसरा डबा आडवा पडला होता आणि त्याची चाकं वर, अगदी डोळ्यांसमोर. खात्याची रीत मोडून बाबांनी त्या दिवशी चाकाकडे बघितलं. एका चाकाची कड झिजून सुरीच्या पात्यासारखी झाली होती. अशी कड रुळाला धरत नाही, रुळावर चढते.

दुपारी मोजमाप झालं. चाकवाल्यांकडून मोजायला आला तो काका.

चाकाची कड मोजायला पोलादी पत्र्याचा एक तुकडा असतो, त्याला गेज म्हणतात. त्याला एक खाच असते. कड खाचेत शिरली तर ती झिजून पातळ झाली आहे, चाक बाद. शिरताना अडकली तर कड अजून जाड आहे, चाक चांगलं. काकाने गेज लावला. बाबा शेजारी उभे होते.

"अडकला, दादा," काका म्हणाला.

त्याने कागदावर लिहिलं, चाक ठीक. सही केली. रुळांमधलं अंतर मात्र जास्त भरलं. भरणारच. तीन डब्यांनी नांगरलेल्या रुळांत अंतर कमी भरतं होय? पण कागदाला ते कोण सांगणार? बाबांनी काकाच्या सहीखाली सही केली. का केली, असं मी त्यांना शंभरदा विचारलं असेल, कधी रडून, कधी ओरडून. एकदाच उत्तर मिळालं.

"तो खोटं लिहील असं मनातच आलं नाही गं. वाटलं, माझेच डोळे फसले."

दोष रुळाचा ठरला. मुकादमपण काढून घेतलं आणि बाबांना चार वर्षं साधा गँगमन म्हणून काम करायला लावलं, तेही ज्याला त्यांनी फावडं धरायला शिकवलं होतं त्याच्या हाताखाली. मुकादम हे नाव तेवढं राहिलं. आधी लोक ते मानाने घेत, आता डोळा मारून घेत. सुरुवातीला बाबा सांगायचे, की चाकाची कड पातळ होती, मी बघितली. टोळीतली माणसं हसायची. "झालं, मुकादमांनी चाक काढलं!" चहात साखर कमी पडली तरी कुणीतरी म्हणायचं, चाकाचा दोष असेल. बाबांनी मग तो शब्दच टाकून दिला. गाल टेकून बघणंही सोडलं. लहान मुलासारखी प्रत्येक ठिकाणी पट्टी लावून मोजायचे, एकदा मोजून पुन्हा मोजायचे. माझ्या बापाचं मुकादमपण गेलं याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. त्याला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा उरला नाही, त्याचा राग आजही माझ्या पोटात आहे.

काका एकदा आला होता, महिन्याभराने. आईने दार उघडलं. बाबा आत खुर्चीत बसलेले दारातून सरळ दिसत होते. आई म्हणाली, "भाऊजी, ते घरी नाहीत." काका म्हणाला, "बरं, वहिनी," आणि गेला. मग एकोणीस वर्षं कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. तो त्या शेडचा मुख्य तपासनीस झाला हे आम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं.

आई गेली. माझं लग्न झालं आणि मोडलं, मी पुन्हा बाबांकडे राहायला आले. बाबा अडुसष्ट वर्षांचे झाले होते आणि घरातल्या वस्तूंना पाचरी मारून मारून त्यांच्याकडे करायला काही उरलं नव्हतं. तेवढ्यात सरकारी बागेत मुलांसाठी छोटी आगगाडी सुरू करायचं ठरलं. तळ्याभोवती वळसा घालणारे अडीचशे मीटर रूळ, बॅटरीवरचं इंजिन, तीन उघडे डबे. रूळ टाकायला जाणता माणूस हवा होता. बागेच्या साहेबांनी बाबांना बोलावलं आणि बाबा दहा वर्षांनी तरुण होऊन घरी आले. "साहेब मला मुकादम म्हणाले," ते म्हणाले. डोळा न मारता म्हणाले, असं त्यांना सांगायचं होतं.

बागेतल्या खेळण्याचा तो रूळ बाबांनी डाकगाडीसाठी टाकावा तसा टाकला. खडी चाळून घेतली. फटी मोजून सोडल्या. माळी म्हणाला, "मुकादम, यावरून पोरं जाणारेत, तोफा नाही." बाबा म्हणाले, "पोरं जाणार आहेत म्हणूनच."

गाडी आली. झोपाळे आणि घसरगुंड्या बनवणाऱ्या कारखान्याने ती केली होती. लाल चाकं, पिवळे डबे, इंजिनावर रंगवलेले हसरे डोळे. बाबांनी रंगाचं कौतुक केलं आणि चाकाकडे पाठ फिरवली.

पहिल्याच फेरीत बदकांच्या पिंजऱ्याजवळच्या वळणावर इंजिन रुळावर चढलं आणि उतरून गवतात उभं राहिलं. त्यात कुणी बसलेलं नव्हतं. बाबांनी रूळ उखडून पुन्हा टाकला. पुन्हा तेच. बाहेरचा रूळ उंच केला, मग कमी केला. वळणावर चाकं करकर ओरडायची, कानात दाभण घातल्यासारखी. बाबा रोज डोळ्यांखाली काळं घेऊन घरी येत.

एकदा मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. डबा ठेवला आणि सहज इंजिनाच्या चाकावर हात ठेवला. मी लहानपणी ती पलंगाखालची चाकं इतकी चाचपली होती, की बोटांना तो उतार पाठ होता. इथे उतार नव्हताच. चाक डब्याच्या झाकणासारखं सपाट होतं, आणि रुंदीलाही बेताचं.

"बाबा, हे चाक सपाट आहे."

"चाक आपल्या खात्यात नाही."

"अहो, हात लावून बघा तरी! वळणावर ते कड घासतंय, चढणारच—"

"चाकाचं बोलू नकोस." त्यांचा आवाज इतका वाढला की बदकं ओरडायला लागली. मग हळू म्हणाले, "मी जर म्हटलं चाक, तर हे पण हसतील गं. साहेब मला मुकादम म्हणतो."

मी गप्प बसले. बसायला नको होतं. तेव्हाच साहेबांकडे जाऊन ओरडले असते तर पुढचं टळलं असतं, आणि हे मी कुणावर ढकलू शकत नाही.

चौथ्या वेळी बाबांनी वळणावर दोन रुळांमधलं अंतर वाढवलं. आवळलेल्या वळणावर ते वाढवायचं, हा चौतीस वर्षांचा नियम. पण नियम खऱ्या गाडीचा. तिचं चाक अर्ध्या वितीहून रुंद असतं, रूळ थोडे दूर सरकले तरी त्याला टेकायला जागा उरते. बाबांनी दहा मिलिमीटर वाढवले. करकर थांबली. आठ दिवस गाडी लोण्यावरून गेल्यासारखी गेली, आणि बाबांनी कित्येक दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. नवव्या दिवशी एका शाळेची सहल आली. वळणावर शेवटच्या डब्याचं बारीक चाक रुळावरून आत पडलं आणि डबा कलंडला. मुलांना खरचटलं. त्यांना धरायला गेलेल्या शिक्षिकाबाईंचा हात मनगटात मोडला.

साहेबांनी बाबांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. कारखान्याच्या माणसाने आधीच लिहून दिलं होतं, की गाडी उत्तम आहे, रूळ सदोष आहे. शब्दसुद्धा वीटभट्टीच्या वेळचेच. बाबांनी ते ऐकलं आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. मी पलंगाखालून ती जुनी आगगाडी काढली, पिशवीत घातली आणि एकोणीस वर्षांनी काकाच्या दारावर थाप मारली.

दार काकानेच उघडलं. केस सगळे पांढरे. मी त्यांना अहो-जाहो केलं, ते त्यांना बोचलं असावं. बोचावं म्हणूनच केलं होतं. टेबलावर इंजिन ठेवलं. त्यांनी ते उलटं करून चाक बोटाने फिरवलं.

"अजून चालते?"

"चालते. हिची चाकं चांगली आहेत."

त्यांनी मान खाली घातली. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या सकाळी येतो."

"निवृत्त झालात का?"

"चार महिने राहिलेत."

सकाळी ते खरंच बागेत आले. पोलादी फूटपट्टी आणि चाकाची रुंदी मोजायचं अवजार घेऊन. बाबा वळणापाशी उभे होते. काका आले तरी त्यांची नजर रुळावरच होती. काका गुडघे टेकून इंजिनाखाली शिरले. फूटपट्टी चाकावर आडवी ठेवली आणि साहेबांना खाली वाकायला लावलं.

"उजेड दिसतो पट्टीखालून? नाही ना? दिसायला हवा. चाक सपाट कातलंय, उतार नाही. हे वळणावर वळत नाही, नुसतं घासून चढतं. रुंदीपण कमी आहे. हे झोपाळेवाल्याचं काम आहे, साहेब, चाकवाल्याचं नाही."

"म्हणजे रुळाचा दोष नाही?" साहेबांनी विचारलं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं. बाबा त्यांना आवडत होते.

मला वाटलं, झालं. एकोणीस वर्षांनी का होईना, कुणीतरी मोठ्याने म्हटलं. पण बाबा पुढे झाले. त्यांनी पट्टी रुळांवर ठेवली आणि आकडा वाचला.

"रुळाचाही आहे. अंतर दहा मिलिमीटर जास्त आहे. मी वाढवलं. वाढवण्याआधी चाकाची रुंदी बघायला हवी होती, ती बघितली नाही. बाईंचा हात माझ्यामुळे मोडला. लिहा."

"मुकादम, एवढं कशाला—"

"लिहा, साहेब. मोजलंय ते लिहायचं असतं."

साहेबांनी लिहिलं. बाबांनी सही केली. मग पेन काकांच्या हातात दिलं. काकांनी चाकाचं लिहिलं, सही केली. पेन परत द्यायला गेले तर बाबांनी घेतलं नाही. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद काढला. वीटभट्टीच्या मोजमापाची नक्कल. तो ते रोज खिशात घेऊन फिरत होते, हे माझ्यासारख्या रोज त्यांचे कपडे धुणाऱ्या मुलीलाही माहीत नव्हतं.

"हे जरा बघशील?" बाबा म्हणाले. "मला शिक्षा रद्द करून घ्यायची नाहीये. तुझं नाव कुठे सांगायचं नाहीये. एवढंच सांग, ती कड पातळ होती ना? का माझेच डोळे फसले?"

काकांनी कागद हातात घेतला. वाचला. त्यात वाचण्यासारखं काय होतं, चार ओळी आणि दोन सह्या. साहेब कुणाच्या तरी घरात चुकून शिरल्यासारखे बाजूला झाले. काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते आणि बाबा काकांकडे. इतका वेळ बाबांनी कुणाच्या तोंडाकडे बघितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"गेज अडकला होता, दादा," काका म्हणाले.

"बरं," बाबा म्हणाले. कागद घेतला, घडी घातली, पिशवीत घातला, पिशवी खिशात. "चल गं."

ते फाटकाकडे निघाले, रुळाच्या कडेने, खाली बघत. मी निघणार तेवढ्यात काकांनी माझा दंड धरला.

"गेजमध्ये डाग होता," ते म्हणाले. मला आधी कळलंच नाही. "खाचेत. आतून वेल्डिंगचा थेंब सोडला होता. सगळ्यांच्याच गेजमध्ये असायचा. खाच बारीक झाली की झिजलेली कडही अडकते. डबे अडवून ठेवले की वरून बोलणी बसायची. पातळ होती कड. मला दिसत होतं. दादाला दिसतंय हेही दिसत होतं."

मला त्यांना मारावंसं वाटलं. खरंच सांगते, हात उचलला गेला होता.

"मला काय सांगता? ते बघा, ते चाललेत. दहा पावलांवर आहेत. जा, सांगा."

"माझा मुलगा त्याच शेडमध्ये लागलाय गं. तोच गेज आता—"

"ते काही विचारत नाहीयेत तुम्हाला! कागद नाही, सही नाही. फक्त जाऊन सांगा."

"हो," काका म्हणाले. "हो, जातो. तू हो पुढे. मी हे अवजार तेवढं भरतो पिशवीत."

मी पुढे गेले. बाबा हळू चालत होते. गुडघे दुखत नव्हते त्यांचे, सकाळी येताना मला धापा टाकायला लावल्या होत्या. मागून येणाऱ्या माणसाने धावल्याशिवाय गाठावं, इतकं हळू चालत होते. फाटकाशी येऊन थांबले.

"येतोय का तो?"

"अवजार भरतायत."

"मग थांबू."

आम्ही थांबलो. फाटकातून मुलं आत येत होती, गाडी बंद आहे असं ऐकून हिरमुसत होती. मी वळून बघितलं. वळणापाशी साहेब एकटेच उभे होते. तळ्याच्या पलीकडचं छोटं फाटक उघडं होतं आणि अजून हलत होतं.

बाबांनीही बघितलं. मग म्हणाले, "चल. डोळेच फसले असतील माझे. एवढ्या वर्षांनी कुणाला आठवतंय."

मला सहन झालं नाही. "नव्हते फसले, बाबा. कड पातळ होती. गेजच्या खाचेत थेंब सोडला होता त्यांनी. तुम्हाला दिसलं ते बरोबर होतं."

बाबांच्या चेहऱ्यावर जे यावं म्हणून मी एकोणीस वर्षं वाट बघत होते, ते क्षणभर आलं. मग त्यांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"काकांनी. आत्ताच. तिथे उभं राहून."

बाबांनी मागे, मी दाखवलेल्या जागेकडे बघितलं. ती जागा ते तेव्हा चालत होते तिथून दहा पावलांवर होती. त्यांनी ती नजरेने मोजली, त्यांच्या सवयीने, आणि बरोबर मोजली असणार.

"तुला सांगितलं," ते म्हणाले. "बरं."